कमिशनर व्हायचंय? मग आधी टायब्रेकर वाचा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देतेय ते इतरांनाही कळेल. तुम्ही नाशिकच्या. विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत व्हॉलीबॉल खेळलात आणि आता अमेरिकेत मिडवेस्टमध्ये स्पोर्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करताय. समोर दोन पर्याय आहेत: आपल्याच विद्यापीठाच्या ॲथलेटिक विभागात कम्प्लायन्सचं (म्हणजे खेळाडूंबद्दलचे नियम पाळले जातात का हे बघण्याचं) ग्रॅज्युएट असिस्टंटचं काम, किंवा एका छोट्या कॉन्फरन्सच्या (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेच्या) कार्यालयात वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप. पुढे कधीतरी कमिशनर, म्हणजे कॉन्फरन्सची प्रमुख, व्हायचं स्वप्न आहे, तर यातलं काय घ्यावं? एनसीएएमध्ये (अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांच्या राष्ट्रीय संघटनेत) न खेळलेल्या बाहेरच्या माणसाला या क्षेत्रात जागा आहे का? आणि घरचे विचारतात की हे नेमकं काम तरी काय, तर त्यांना काय सांगावं?

मी डिव्हिजन वन या एनसीएएच्या सगळ्यात वरच्या गटातल्या एका मध्यम आकाराच्या कॉन्फरन्समध्ये बरीच वर्षं आहे. त्याआधी एका विद्यापीठात कम्प्लायन्सच सांभाळत होते. त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न "कुठली इंटर्नशिप" हा नाहीच. तुम्हाला खेळाडूंच्या जवळ राहून काम करायचंय, की एकमेकांविरुद्ध खेळणाऱ्या संस्थांमधला व्यवहार सांभाळायचाय? कॉन्फरन्सचं काम हे दुसऱ्या प्रकारचं आहे. आमच्या कार्यालयात येणारी बरीच तरुण मुलं पहिल्या प्रकारच्या कामाची आस धरून येतात, आणि वर्षभरात कंटाळतात.

घरच्यांच्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ घेतो आणि तुमचं विद्यापीठ पश्चिम विभागात येतं ते नकाशामुळे. अमेरिकेतली कॉन्फरन्स ही विद्यापीठांनी आपखुशीने केलेली संघटना असते. तिला स्वतःची घटना असते, मतदान असतं, सोडून जायचं तर दंड असतो. इथे शिकणाऱ्या मुलांनाही वाटतं की कॉन्फरन्स म्हणजे एनसीएएची शाखा. तसं नाही. बिग टेन ही कॉन्फरन्स १८९६ साली शिकागोत स्थापन झाली, एनसीएएचा जन्म १९०६ चा. मुलगी आईपेक्षा मोठी, असंच म्हणा ना. मिशिगनमधली एमआयएए ही कॉन्फरन्स तर १८८८ पासून चालू आहे.

घरी सांगताना मी हाउसिंग सोसायटीचा दाखला देते. कमिशनर म्हणजे सोसायटीने पगारावर नेमलेला मॅनेजर. सगळे फ्लॅटवाले त्याचे मालक, आणि त्यांचं आपसांत पटत नाही. पाण्याच्या वेळा त्याने ठरवायच्या, नियम मोडला तर नोटीस त्याने काढायची, आणि ज्याला नोटीस काढली तोही पुढच्या सभेत त्याच्या पगारवाढीवर मत देणार. हे ज्याला मनापासून आवडेल त्याने या क्षेत्रात यावं.

आता प्रत्यक्ष काम. वेळापत्रक, पंचांच्या नेमणुका, कॉन्फरन्सच्या अंतिम स्पर्धा, कम्प्लायन्स, प्रसिद्धी आणि आकडेवारी, टीव्ही आणि प्रायोजक, पैशांचं वाटप, आणि या सगळ्यावर सतत चालणाऱ्या समित्यांच्या बैठका. ॲथलेटिक डायरेक्टरांची (विद्यापीठांच्या क्रीडाप्रमुखांची) बैठक वेगळी, प्रत्येक खेळाच्या कोचची वेगळी, विद्यापीठांच्या अध्यक्षांची वेगळी, खेळाडूंच्या प्रतिनिधींची वेगळी, आणि प्रत्येक विद्यापीठाने नेमलेल्या प्राध्यापक-प्रतिनिधींची वेगळी. बैठकीचा अजेंडा काढणं, टिपणं लिहिणं, आणि मागच्या वर्षी याच विषयावर काय ठरलं होतं ते लक्षात ठेवणं यात आमचं आयुष्य जातं. हे रुक्ष वाटतं हे मान्य. पण या क्षेत्रातली सगळी गंमत याच रुक्षपणात दडलेली आहे, आणि ती दोन उदाहरणांशिवाय कळणार नाही.

पहिलं उदाहरण बिग ट्वेल्व्ह या कॉन्फरन्सच्या २०२४ च्या अमेरिकन फुटबॉलचं. सोळा संघ, आणि सगळे एकमेकांशी खेळत नाहीत, खेळूच शकत नाहीत. हंगाम संपला तेव्हा ॲरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू आणि कोलोराडो हे चार संघ सात विजय आणि दोन पराभवांवर बरोबरीत. अंतिम सामना दोघांचाच. कोलोराडो या तिघांपैकी कोणाशीच खेळला नव्हता, म्हणजे "आपसातला सामना कोण जिंकला" हा साधा न्याय लागू होईना. मग टायब्रेकरच्या, म्हणजे बरोबरी सोडवायच्या लेखी नियमांच्या, पायऱ्या उतरत जायचं. निघाले ॲरिझोना स्टेट आणि आयोवा स्टेट, आणि पुढे ॲरिझोना स्टेटने ४५-१९ ने बाजी मारली. हंगामापूर्वीच्या अंदाजात हा संघ कॉन्फरन्समध्ये शेवटचा धरला होता. बाहेर राहिलेल्या दोन संघांच्या चाहत्यांचा राग तुम्ही कल्पनेत आणू शकता, पण निकालाला कोणी हात लावू शकलं नाही, कारण पायऱ्या आधीच लिहून ठेवलेल्या होत्या. असे नियम उन्हाळ्यात लिहिले जातात, जेव्हा कोणाचा संघ कुठे असेल हे कोणालाच ठाऊक नसतं. म्हणूनच ते तेव्हा लिहायचे. नोव्हेंबरमध्ये लिहायला बसलात तर प्रत्येक ॲथलेटिक डायरेक्टर आपापली गुणतक्ता समोर धरून शब्द सुचवतो.

दुसरं उदाहरण छोट्या कॉन्फरन्सचं, आणि मला ते जास्त प्रिय आहे. २०२३ च्या मार्चमध्ये नॉर्थईस्ट कॉन्फरन्सच्या पुरुष बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात मेरिमॅकने फेअरली डिकिन्सनला ६७-६६ असं एका गुणाने हरवलं. जिंकणारा संघ एनसीएएच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप जातो. पण मेरिमॅक डिव्हिजन टूमधून वर आलेलं, संक्रमणाच्या काळात होतं आणि त्या काळात राष्ट्रीय स्पर्धेला पात्र नव्हतं. त्यामुळे हरलेल्या फेअरली डिकिन्सनला तिकीट मिळालं. त्यांनी आधी टेक्सस सदर्नला हरवलं आणि मग १७ मार्चला पहिल्या मानांकित पर्ड्यूला ६३-५८ ने. सोळावं मानांकन असलेल्या संघाने पहिल्याला हरवल्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ही दुसरीच वेळ. लोकांनी ते सामने बघितले, मी मात्र कॉन्फरन्सच्या कार्यालयातल्या त्या माणसाचा विचार करत होते ज्याला मेरिमॅकच्या मुलांच्या हातात करंडक द्यायचा होता आणि शेजारच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन हरलेल्या संघाला सांगायचं होतं की सामान बांधा, तुम्ही चाललात.

यात पैसाही आहे. राष्ट्रीय स्पर्धेत संघ जितके सामने खेळतो, अंतिम सामना सोडून, त्यांचा हिशेब लावून रक्कम संघाला नव्हे तर कॉन्फरन्सला मिळते, तीही सहा वर्षांत हप्त्याने. लहान कॉन्फरन्सला वर्षातून बहुधा एकच जागा मिळते. त्यामुळे आपल्या स्पर्धेत अव्वल संघाला घरच्या मैदानावर खेळवायचं की त्रयस्थ ठिकाणी, किती संघ घ्यायचे, वरच्या मानांकनाला थेट उपांत्य फेरीत ठेवायचं का, हे सगळे निर्णय "न्याय्य काय" आणि "आपला सगळ्यात ताकदवान संघ पुढे जाण्याची शक्यता किती" यांच्यातली ओढाताण असते. बास्केटबॉलचं ज्ञान इथे लागतं, पण त्याहून जास्त लागतं ते आठव्या क्रमांकावरच्या संघाच्या कोचला तोंडावर खरं कारण सांगण्याचं धैर्य.

सत्ता किती असते, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण कमिशनर व्हायचं म्हणता म्हणून सांगते. २०२० साली ११ ऑगस्टला बिग टेनने कोविडमुळे फुटबॉल पुढे ढकललं. मत विद्यापीठांच्या अध्यक्षांचं होतं, पण शिव्या खाल्ल्या कमिशनर केव्हिन वॉरन यांनी. खेळाडूंचे पालक बिग टेनच्या रोझमाँटमधल्या कार्यालयासमोर जमले. १६ सप्टेंबरला निर्णय फिरला. मग नियम झाला की अंतिम सामन्यासाठी किमान सहा सामने खेळलेले हवेत. ओहायो स्टेटचे पाचच होणार होते. डिसेंबरमध्ये ॲथलेटिक डायरेक्टरांनी मिळून तो नियमच काढून टाकला. ओहायो स्टेट अंतिम सामना खेळलं आणि नॉर्थवेस्टर्नला हरवून जिंकलं. तो निर्णय बरोबर होता का, यावर आमच्या क्षेत्रात दोन मतं आहेत. माझं मत असं की असाधारण वर्षात तो व्यवहार्य होता, पण ज्या कार्यालयाने सहाचा आकडा लिहिला त्यानेच "सामने रद्द झाले तर काय" हे वाक्य शेजारी लिहायला हवं होतं.

आता शिडीचं. इथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, कारण शिड्या दोन झाल्या आहेत. जुनी शिडी अशी: कॅम्पसवर किंवा एनसीएएत सुरुवात, मग छोटी कॉन्फरन्स, मग मोठी. जिम डेलानी नॉर्थ कॅरोलायनात बास्केटबॉल खेळले, एनसीएएत नियमभंगाच्या चौकशा केल्या, १९७९ मध्ये ओहायो व्हॅली कॉन्फरन्सचे कमिशनर झाले आणि १९८९ पासून २०२० पर्यंत बिग टेनचे. एसईसी या दक्षिणेकडच्या बड्या कॉन्फरन्सचे ग्रेग सँकी यांनी तर युटिका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अंतर्गत खेळांपासून सुरुवात केली, नंतर लुईझियानात गोल्फचे कोच आणि कम्प्लायन्स, मग साउथलँड कॉन्फरन्स, आणि २००२ मध्ये एसईसी. कमिशनर व्हायला २०१५ उजाडलं.

दुसरी शिडी पैशाने तयार केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांच्या बाजूने निकाल दिला आणि फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडली. त्यानंतर हळूहळू हक्क विकण्याचं काम कॉन्फरन्सकडे आलं. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा, सात अब्ज डॉलरांहून जास्तीचा करार केला. इतका पैसा हाताळायला आता बाहेरचे लोक आणतात. बिग टेनचे टोनी पेटिटी टीव्ही आणि बेसबॉलमधून आले, बिग ट्वेल्व्हचे ब्रेट यॉर्मार्क मनोरंजन आणि ब्रुकलिनच्या बार्कलेज सेंटरमधून. पॅक ट्वेल्व्हचे लॅरी स्कॉट महिला टेनिसमधून आले होते. म्हणजे पाच-सहा बड्या कॉन्फरन्सच्या खुर्चीवर डोळा असेल तर आमच्या कार्यालयातली वर्षं पुरतीलच असं नाही. बाकीच्या डझनावारी कॉन्फरन्समध्ये, आणि डिव्हिजन टू-थ्रीमध्ये, अजून जुनी शिडीच चालते. तिथे कार्यालयात मूठभर माणसं असतात आणि एकच जण सकाळी पंचांचं बिल, दुपारी सॉफ्टबॉलचं पावसात वाहून गेलेलं वेळापत्रक आणि संध्याकाळी सोशल मीडिया बघतो.

बायकांसाठी दार कधीच सताड उघडं नव्हतं, पण बंदही नाही. महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, डब्ल्यूएनबीएच्या, पहिल्या अध्यक्षा व्हॅल ॲकरमन २०१३ मध्ये बिग ईस्ट कॉन्फरन्सच्या कमिशनर झाल्या. ज्युडी मॅक्लाउड २०१५ मध्ये कॉन्फरन्स यूएसएच्या प्रमुख झाल्या तेव्हा फुटबॉलच्या वरच्या गटातल्या कॉन्फरन्सची ती पहिली महिला प्रमुख. तुमच्या "बाहेरच्या माणसाला जागा आहे का" या प्रश्नाचं माझं उत्तर त्याला जोडूनच देते: एनसीएएत खेळलेलं असणं पहिल्या मुलाखतीत उपयोगी पडतं, नंतर कोणी विचारत नाही. तुमची अडचण वेगळी असेल. इथली मुलं या व्यवस्थेत वाढतात. ट्रान्स्फर पोर्टल, रेडशर्ट, अव्वल सोळा हे शब्द त्यांना पाजलेले असतात. तुम्हाला ते बसून शिकावे लागतील, आणि शिकताना एक फायदाही होईल: तुम्ही कोणत्याच संघाच्या नसाल. ज्या कार्यालयाची सगळी पत तटस्थपणावर उभी आहे, तिथे लहानपणापासून अमुक विद्यापीठाचा स्वेटर घातलेला नसणं वाईट नाही.

नोकरी टिकते का, हेही बघा. पॅक ट्वेल्व्ह सोडून जायचं एकेका विद्यापीठाने जाहीर केलं, ती कथा ठाऊक असेलच: जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसची यूएससी आणि यूसीएलए (बिग टेनकडे), जुलै २०२३ मध्ये कोलोराडो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाकीचे, आणि शेवटी ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट उरले. शंभराहून जास्त वर्षांची परंपरा असलेल्या कॉन्फरन्समधल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि त्यात पंचांच्या नेमणुका करणारे, आकडेवारी ठेवणारेही होते, ज्यांनी कुठल्याच वाटाघाटीत भाग घेतला नव्हता. आता तीच कॉन्फरन्स नव्या सभासदांसह उभी राहते आहे. दुसरीकडे बिग टेनमधल्याच, न्यू जर्सीच्या रटगर्सच्या व्हॉलीबॉल संघाला लॉस एंजेलिसला जायला जवळपास ४,००० किलोमीटर विमानाने जावं लागतं, आणि वर्गातली हजेरी कशी सांभाळायची याचं गणित वेळापत्रक करणाऱ्याच्या गळ्यात. विस्ताराच्या बातम्या रंगतात, त्यांचा भार कार्यालयातल्या कनिष्ठ माणसावर पडतो.

कम्प्लायन्सबद्दल एक सावधगिरी. नियम पाठ करू नका. खेळाडूला विद्यापीठाशी बांधणारं राष्ट्रीय करारपत्र १९६४ पासून चालू होतं, ते २०२४ मध्ये बंद झालं. २०२१ च्या जुलैपासून खेळाडू स्वतःच्या नावावर कमवू लागले. ६ जून २०२५ ला खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर झाली आणि विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षासाठी मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. जे लोक "नियमपुस्तकाचं अमुक कलम" म्हणून ओळखले जायचे त्यांची पंचाईत झाली. प्रस्ताव कोण मांडतो, कुठल्या समितीत अडतो, कोणाला का नको असतो, हे ज्यांना माहीत होतं त्यांना मागणी वाढली.

तर मग तुमचे दोन पर्याय. मी कॅम्पसवरचं काम घेईन. माझं पहिलं कारण व्यवसायातलं आहे. आम्ही कॉन्फरन्समधून एक मेल टाकतो की सगळ्या संघांचे पात्रता-अर्ज शुक्रवारपर्यंत पाठवा. त्या मेलमुळे कॅम्पसवर कोण किती वाजेपर्यंत थांबतं, कुठला कोच फोन उचलत नाही, रजिस्ट्रारच्या कार्यालयात कोण आडवं येतं, हे ज्याने भोगलेलं नाही त्याच्यावर विद्यापीठं विश्वास ठेवत नाहीत. कॅम्पसवरून कॉन्फरन्समध्ये आलेल्या माणसाचं बोलणं बैठकीत वेगळ्या कानांनी ऐकलं जातं.

दुसरं कारण व्हिसाचं, आणि यावर तुमच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा आणि गरज पडली तर वकिलाचा सल्ला घ्याच. असिस्टंटचं काम कॅम्पसवरचं, आठवड्याला २० तासांच्या मर्यादेत, आणि बहुतेक ठिकाणी फी माफीसह. कॉन्फरन्सची इंटर्नशिप कॅम्पसबाहेरची, म्हणजे शिकत असताना सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायची परवानगी) लागणार. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा जास्त झाली की त्याच पदवीवरची ओपीटी (पदवीनंतर वर्षभर काम करायची परवानगी) हातची जाते. "वर्षभराची पूर्णवेळ" हे तुमच्या प्रश्नातले शब्द वाचून मी थबकले ते म्हणूनच. ती पदवीनंतर ओपीटीवर केलीत, तर ओपीटीचं वर्ष तिथेच संपेल, कारण स्पोर्ट मॅनेजमेंटला बहुधा स्टेमची (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांची) मुदतवाढ मिळत नाही. तुमचा अभ्यासक्रम ॲनालिटिक्सकडे झुकणारा असेल तर त्याचा वर्ग कोणता नोंदवलाय ते विचारा. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी विद्यापीठं लॉटरीच्या मर्यादेबाहेर असतात. कॉन्फरन्सची कार्यालयं बहुतेक स्वतंत्र ना-नफा संस्था असतात, आणि ती सूट त्यांना आपोआप मिळत नाही.

माझा सल्ला उलटा कधी ठरेल? तुमच्याकडे ग्रीन कार्ड असेल, किंवा कॅम्पसवरचं काम नुसतं हजेरीचे तक्ते भरण्याचं असेल आणि छोट्या कॉन्फरन्समध्ये तुम्हाला एखाद्या खेळाची अंतिम स्पर्धा स्वतः चालवायला देणार असतील, तर बेधडक तिकडे जा. पण ते तोंडी आश्वासन नको. मुलाखतीत विचारा की मागच्या दोन इंटर्ननी कुठली स्पर्धा सांभाळली आणि आज ते कुठे आहेत. ज्या कार्यालयात याचं उत्तर पटकन येत नाही, तिथे तुम्ही खोकी उचलाल.

आणि मुलाखतीआधी त्या कॉन्फरन्सचा फॉर्म ९९० वाचा. ना-नफा संस्थांना तो करविभागाकडे भरावा लागतो आणि तो सगळ्यांना खुला असतो. उत्पन्न कुठून येतं, सभासदांना किती वाटतात, वरच्या लोकांना पगार किती, राखीव निधी आहे की नाही, सगळं दिसतं. पाठोपाठ त्यांचं घटनापुस्तक, आणि त्यातला टायब्रेकरचा भाग. बसून मागच्या हंगामाची गुणतक्ता त्यात घालून बघा. असं करणारे उमेदवार मला फार कमी भेटलेत, आणि जे भेटले त्यांच्याशी ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त बोलले.

कॅम्पसवर राहूनही आमचं काम शिकता येतं. तुमचा खेळ व्हॉलीबॉल. नोव्हेंबरमध्ये तुमच्या कॉन्फरन्सची स्पर्धा असेल, आणि तिथे संघांना बसपासून कोर्टपर्यंत नेणारी, पंचांच्या खोलीत पाणी ठेवणारी, गुणलेखकाच्या टेबलावर बसणारी माणसं नेहमीच कमी पडतात. सप्टेंबरमध्येच स्पर्धा बघणाऱ्या अधिकाऱ्याला दोन ओळींची मेल टाका, व्हॉलीबॉल खेळलेली आहे आणि गुणपत्रक लिहिता येतं एवढं सांगा. उत्तर नाही आलं तर आठवड्याने पुन्हा टाका, हंगामात आमचे मेल खरंच बुडतात.